मुलांचे वर्ष आणि वडिलांचा रविवार

रविवारी सकाळी मुलांना बरोबर घेऊन एखाद्या बागेकडे, टेकडीकडे किंवा समुद्राकाठी निघालेले वडील हे दृश्य आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, दिल्ली अशा जेथे जेथे मराठी कुटुंबे स्थिरावली तेथे तेथे नित्याचे झाले आहे. ते इतके नित्याचे झाले आहे की, ही रीत पूर्वापार चालत आली असावी असा आपला सहज समज होतो. इतिहास मात्र काही निराळेच सांगतो. घरातील कर्ता पुरुष केवळ मुलांच्या आनंदासाठी, हातात कोणतेही काम नसताना, त्यांना घेऊन बाहेर पडतो ही गोष्ट आपल्या समाजात फार तर दीड शतकाची आहे. ती आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे शाळा आहे, आगगाडी आहे, कायदे आहेत आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर दिवस काढणाऱ्या माणसांनी केलेली चळवळही आहे. या घडामोडीचा थोडक्यात मागोवा घ्यावा असे मी योजिले आहे.

प्रथम जुन्या घरातील मुलांचे वर्ष कसे होते ते पाहू. हे वर्ष पावसाबरोबर सुरू होई. आषाढात कोठे बेंदूर, तर श्रावणाच्या अखेरीस कोठे पोळा. तो जवळ आला की मुले ओढ्याकाठची चिकण माती आणून बैल घडवीत. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले त्यांची मिरवणूक काढतात. नागपंचमीला झाडांच्या फांद्यांना झोपाळे लागत आणि मुलींच्या झिम्मा-फुगड्यांनी अंगणे दणाणत. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्री आला की पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरीत. यालाच पुण्याकडे भोंडला, साताऱ्या-कोल्हापुराकडे हादगा म्हणतात. विदर्भात भुलाबाई आणि खानदेशात गुलाबाई बसते. गाणी संपली की झाकलेली खिरापत कोणती हे ओळखण्याचा खेळ होई, आणि तो जिंकण्यापेक्षा लांबविण्यातच मौज वाटे.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राही आणि त्याच्या उतारावर पेरलेले हळीव उगवून येण्याची वाट पाहण्यात मुलांचे चार-पाच दिवस जात. कार्तिकात आवळीभोजन येई. सगळे घर भांडीकुंडी घेऊन आवळीच्या झाडाखाली जाई, तेथे पूजा होई, स्वयंपाक होई आणि पंगत बसे. सहलीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट जुन्या जीवनात शोधायची असेल तर ती या वनभोजनात सापडते. पुढे शेतात हुरडा, गुऱ्हाळावर काकवी, संक्रांतीला तिळगूळ, लहानग्यांचे बोरन्हाण, फाल्गुनात होळीसाठी लाकडे-गोवऱ्यांची जमवाजमव, असा क्रम चाले. पिके निघून शिवार मोकळे झाले की विटीदांडूचे डाव रंगत. मग कैऱ्या, करवंदे आणि जांभळे यांच्यामागे मुलांचा सारा उन्हाळा जाई. खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या लेकींच्या झोक्यांबरोबर लहान मुलीही झोके घेत.

या वर्षक्रमाची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, त्यात काम आणि खेळ यांच्यामध्ये भिंत नव्हती. वैशाखात पापड-कुरडयांचे वाळवण पडले म्हणजे कावळ्या-चिमण्यांपासून त्याची राखण मुलांकडे असे. आणि राखणदारांनीच पापडाच्या किती लाट्या खाल्ल्या याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. खळ्यावरची, गुऱ्हाळावरची, वाळवणावरची हजेरी हे मुलांचे कामही होते आणि त्यांची सहलही तीच होती. दुसरे वैशिष्ट्य असे की, या साऱ्याची सूत्रे आजी, आई, काकू, आत्या आणि थोरल्या बहिणी यांच्या हाती असत. खिरापत त्या करीत, गाणी त्या शिकवीत, व्रत-सणांच्या तिथी त्यांना तोंडपाठ असत. मुलांचा ऋतुक्रम ही बायकांच्या राज्यातील गोष्ट होती.

मग या चित्रात वडील कोठे होते? ते फारसे कोठेच नव्हते. एकत्र कुटुंबाचा शिष्टाचारच असा होता की, वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या मुलाला उचलून घेणे, त्याचे कोडकौतुक करणे हे तरुण बापाला शोभत नाही असे मानले जाई. भावाच्या मुलांना जवळ घ्यावे, स्वतःच्या मुलांना दुरून पाहावे, अशी ही मर्यादा होती. मुलांनी वडिलांना ओळखावे ते त्यांच्या पावलांच्या आवाजावरून. आणि तो आवाज आला की खेळ थांबावा. जत्रेला किंवा देवदर्शनाला वडील मुलांना नेत, परंतु तेथे जाण्याचे कारण देव असे. मुलांचा आनंद हा त्या यात्रेचा प्रसाद होता, तिचा हेतू नव्हता.

जुन्या दिवसांचे हे वर्णन ऐकताना मन सुखावते, पण इतिहास सांगणाराने तेथेच थांबता कामा नये. या वर्षक्रमाच्या कडा काळ्या होत्या. भोंडल्याच्या फेरातील मुलगी सासर-माहेराची गाणी म्हणत असे ती काही केवळ करमणूक म्हणून नव्हे. एक-दोन वर्षांत ते सासर तिच्या वाट्याला खरोखरच येणार असे. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्या काळी हे वय लहान समजले जात नव्हते. गुराख्याच्या मुलाला ऋतू ठाऊक होते, पण सुटी ठाऊक नव्हती. आणि ज्या विहिरीवर गावची मुले पोहायला शिकत, ज्या देवळाच्या आवारात ती खेळत, तेथे अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलांना पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. पुण्यातील पर्वतीचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले; पिढ्यानुपिढ्या पुणेकर कुटुंबे मुलांना घेऊन त्या पायऱ्या चढली. त्याच देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९२९ साली सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट सहलींच्या इतिहासात विसरून चालणार नाही.

हा जुना क्रम प्रथम बदलला तो शाळेने. पंतोजींच्या शाळेला अमावास्या, पौर्णिमा आणि सणवार यांची सुटी असे. म्हणजे शाळाही पंचांगावरच चाले. १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले आणि हळूहळू वर्ग, इयत्ता, घंटा, वार्षिक परीक्षा अशी नवी व्यवस्था आली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आयुष्याचे आता दोन भाग पडले : शाळेचे दिवस आणि सुटीचे दिवस. रोजच्या जगण्यात मिसळून गेलेला खेळ सुटीच्या चौकटीत येऊन बसला. ‘सुटीत काय करायचे?’ हा जो प्रश्न आज प्रत्येक आईबापांना पडतो, तो त्यांच्या पणजोबांना पडणे शक्यच नव्हते. कारण सुटी नावाची रिकामी जागाच त्यांच्या वर्षात नव्हती.

परंतु मुलाला सुटी मिळाली तरी वडिलांना ती कोठे होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाच्या गिरण्यांत मजूर उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची ठरलेली सुटी त्यांना नसे. या मजुरांच्या बाजूने उभे राहिले ते ‘दीनबंधू’चे संपादक आणि जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरवून आपल्या मागण्या मांडल्या. त्या मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! रविवारची सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मजुरी वेळेवर मिळावी, एवढेच. त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. १८९० सालच्या एप्रिलमध्ये मुंबईत मजुरांची प्रचंड सभा झाली, तीत बायकाही बोलल्या. आणि त्याच वर्षीच्या १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली.

रविवार हा खंडोबाचा वार. देशावरून आलेल्या मजुराला तो परका नव्हता. पण आता त्या दिवसाला नवा अर्थ आला. आठवड्यातून एकदा तरी बाप उजेडी घरी असणार, मूल जागे असताना त्याला पाहणार, ही गोष्ट गिरणगावातील हजारो घरांत प्रथमच घडू लागली. आपण ज्याला कुटुंबजीवन म्हणतो त्याला प्रेमाबरोबर वेळही लागतो. आणि वेळ ही वस्तू, हवा-पाण्यासारखी, सर्वांना फुकट मिळालेली नाही. ती कोणीतरी मिळवून दिली आहे.

गिरणीत केवळ वडीलच जात होते असेही नाही. मुलेही जात होती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम आणि महिन्यातून चार सुट्या ठरविल्या. सात वर्षांचे मूल नऊ तास यंत्राजवळ उभे राही आणि ती सुधारणा समजली जाई! १८९१ च्या कायद्याने हे वय नऊवर नेले आणि मुलांचे काम सात तासांवर आणले. १९२२ साली ते वय बारा झाले, स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने चौदा झाले. येथे एक योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या १८९१ साली कारखान्यातील मुलांचे वय वाढले, त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा होऊन मुलींसाठी ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्यावरून पुण्यात केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. हे सारे कायदे पुष्कळदा कागदावरच राहिले हे खरे. तरीही त्यांची दिशा एकच होती. बालपणाची दोरी थोडी थोडी लांब होत होती.

अशा रीतीने मुलाला सुटी आली, वडिलांना रविवार आला; आता जायचे कोठे? याचे उत्तर नव्या शहरांनी आणि आगगाडीने दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८६३ साली बोरघाटातील मार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले, आणि खंडाळा-लोणावळ्याची हवा मुंबईकरांच्या आवाक्यात आली. माथेरानचा डोंगर ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली प्रकाशात आणला होता, पण तेथे लहान मुलांना घेऊन जाणे सुकर झाले ते १९०७ साली नेरळहून छोटी गाडी डोंगर चढू लागली तेव्हा. वळणावळणाने चढणाऱ्या त्या गाडीत बसणे हीच मुलांना निम्मी सहल वाटे, आणि अजूनही वाटते.

ज्यांना लांब जाणे परवडत नव्हते त्यांच्यासाठी सार्वजनिक बागा होत्या. भायखळ्याचा राणीचा बाग १८६२ साली लोकांसाठी खुला झाला. त्याच्या आवारातील वस्तुसंग्रहालय १८७२ साली उघडले. हा बाग गिरणगावाच्या अगदी कुशीत आहे. चाळीतले कुटुंब दशम्यांची शिदोरी घेऊन पायी तेथे जाऊ शकत होते; हत्ती, वाघ, माकडे पाहून संध्याकाळी परत येऊ शकत होते. बडोद्याला सयाजीबाग १८७९ साली झाला. पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी १९५३ साली पेशवे पार्क झाले आणि १९५६ साली तेथे फुलराणी धावू लागली. तिच्या डब्यात बसलेली मुले आज आजी-आजोबा होऊन नातवंडांना त्याच बागेत नेतात. तेथील प्राणी पुढे कात्रजला हलविण्यात आले, फुलराणी मात्र राहिली.

मे महिन्यातील आजोळची वाट हीसुद्धा या नव्या दळणवळणाचीच देणगी. मामाचा गाव पूर्वीही होता, पण तेथे जाणे बैलगाडीच्या चालीवर आणि शेतीच्या सवडीवर ठरे. आता शाळेची परीक्षा संपली की शहरातील मुलांची रवानगी गावी होऊ लागली. कोकणची मुले आगबोटीने जात, आणि समुद्र खवळून बोटी बंद होण्यापूर्वी त्यांना परतावे लागे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि रेल्वे ज्या गावांना शिवली नव्हती ती गावेही सुटीच्या नकाशावर आली. कोकण रेल्वेचा मार्ग सलग खुला व्हायला मात्र १९९८ साल उजाडावे लागले.

रविवार मिळाला, गाडी मिळाली, तरी एवढ्याने वडील मुलांचे सोबती झाले नसते. त्यासाठी मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागली. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक सुरू केले, तेव्हा मुलांना त्यांच्यासाठी लिहिलेले वाचायला हवे हा विचार मराठी घरांत रुजू लागला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीने काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाला उभे आयुष्य वाहिले. मुलाला मारून, भिववून नव्हे, तर त्याला मोकळे सोडून, त्याच्या हातांना काम देऊन शिकवावे, हे त्यांनी मराठी पालकांना सांगितले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातील आई पोहण्याला भिणाऱ्या श्यामला हट्टाने विहिरीकडे पाठवते आणि मुक्या कळ्या तोडू नयेत हे त्याला समजावते. निसर्ग आणि मूल यांच्यामध्ये उभे राहून दोघांचीही काळजी घेणारी ती जुन्या घरातली आई अशा रीतीने पुस्तकात उतरली. आणि तिचा वारसा वडिलांनीही उचलावा असे नव्या पिढीला वाटू लागले.

याच ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी शाळा चालविली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हे तिचे नाव. मुलाचे ऋतूशी असलेले नाते न तोडता त्याला शिक्षण द्यावे, ही कल्पना या शाळेने प्रत्यक्षात आणून दाखविली. आपण शहरातली मुले रानात नेतो ती सहल म्हणून. कोसबाडला रानातल्या मुलांसाठी शाळाच सहलीला निघाली असे म्हटले तरी चालेल.

आता या इतिहासापासून आपण काय घ्यावे? जुने ते सारे सोने होते असे मानून हळहळण्यात अर्थ नाही. ज्या वर्षक्रमात अकरा वर्षांच्या मुलीचे खेळणे संपत होते तो परत यावा असे कोण म्हणेल? पण जुन्या मुलांपाशी एक गोष्ट होती, तिचा मोह मला आवरत नाही. ती मुले आपला आनंद स्वतःच्या हातांनी घडवीत. बैल मातीचा, किल्ला दगडमातीचा, खिरापत घरची, हत्तीही स्वतः रेखलेला. आजच्या सहलीत मूल पुष्कळदा प्रेक्षक असते. तिकीट वडील काढतात, खाऊ दुकान देते, आणि मूल फक्त पाहून येते. परप्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळांतून आज भोंडल्याचा फेर धरला जातो, परक्या शहरातील इमारतीखाली दिवाळीचा किल्ला उभा राहतो, तेव्हा मला वाटते की, मुलांच्या हातांना त्या जुन्या वर्षाची आठवण अजून आहे. वडिलांनी रविवारचा एखादा तास त्या किल्ल्याच्या चिखलात घालवला तर बागेची फेरी चुकली म्हणून मूल तक्रार करणार नाही.

आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोखंडे यांनी मिळविलेला रविवार अजून सर्वांच्या घरी पोहोचलेला नाही. दिवाळीच्या सुमारास जेव्हा आपण मुलांच्या सुटीचे बेत आखतो, त्याच दिवसांत बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्याबरोबर मुलेही निघतात. कारखान्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि तोवर त्यांची शाळा मागे राहिलेली असते. २००९ साली देशाने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला. साखरशाळांसारखे प्रयत्नही झाले. तरीही फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या त्या मुलाला ऋतू आहे, पण सुटी नाही. वडील दिवसभर जवळच्या फडात आहेत, पण त्यांना रविवार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या गिरणगावातील मुलाची जी स्थिती होती, तिच्यापासून हे चित्र फार लांब नाही.

आपल्या मुलाचे बोट धरून आपण बागेत जातो तेव्हा आपण एक मिळकत उपभोगीत असतो. ती आपल्याआधीच्या अनेकांनी कष्टाने जोडलेली आहे. वडिलोपार्जित मिळकतीचा धर्म असा की, ती आपण भोगावी, सांभाळावी आणि ज्यांचा वाटा राहून गेला असेल त्यांना तो पोहोचता करावा. मुलांचे वर्ष ऋतूंनी भरलेले असावे आणि त्या ऋतूंत वडिलांचा एक वार असावा, एवढेच हे मागणे आहे. १८८४ सालच्या मागण्यांइतकेच ते साधे आहे.